खणलेल्या माळाचे देणे

मुरुमाचा खड्डा शिवेवर नाही असे गाव आता विरळाच. रस्त्याचे काम निघाले की माळाची वरची माती बाजूस लोटतात, खालचा मुरूम भरून नेतात, आणि काम सरले म्हणजे खड्डा तसाच उघडा टाकून निघून जातात. कोणी विचारिले तर उत्तर मिळते, "पडीक माळच होता, त्यात काय बिघडले?" हे उत्तर न्यायाचे आहे काय, याचा आम्ही येथे थोडा विचार करू इच्छितो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, माळ रिकामा नसतो. त्यावरील वीतभर मातीत गवताचे बी, मुळ्या व डोळ्यांस न दिसणारे असंख्य जीव नांदतात. खडक झिजून असा थर होण्यास शेकडो वर्षे लागतात. तो वेगळा काढून राखिला आणि काम होताच परत पसरिला, तर गवत पुष्कळदा आपोआप उगवते. तीच माती उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिली, तर ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही व तिचा जीव जातो. म्हणून फेडीचा विचार पहिली कुदळ मारण्यापूर्वीच करावा लागतो.

पण मातीच उरली नसेल तेथे काय करावे? केनिया देशात मोंबासा शहराजवळ बांबुरी येथे सिमेंटसाठी पोवळ्याचा चुनखडक खणीत असत. तेथील ओसाड खाणीत रेने हालर या स्विस कृषितज्ज्ञाने 1971 च्या सुमारास 26 जातींची झाडे लाविली. त्यांतल्या तीनच जगल्या. एक होता सुरू, जो कोकणकिनाऱ्यावरील आमच्या बांधवांस चांगला ठाऊक आहे. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र धरून देतात, म्हणून तो निकस जागी तग धरितो. परंतु त्याच्या गळलेल्या सुया कुजेनात. तेव्हा हालर यांनी तेथे वाणी किडे आणून सोडिले. (कित्येक ठिकाणी त्यांस पैसा म्हणतात, पावसाळ्यात आपण ते केरसुणीने लोटून देतो.) किड्यांनी सुया खाल्ल्या, त्यांच्या विष्ठेची माती झाली, आणि आज तेथे रान आहे.

यावरून "मागाहून झाडे लाविता येतात, मग खणावयास हरकत कसली?" असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. गेलेला खडक परत आला नाही. जे आले ते निराळे आहे, आणि त्यापायी कित्येक वर्षांचे श्रम पडले. फेड करिता येते म्हणून घेणे निर्दोष ठरत नाही.

आणि देणेकरी एकटा ठेकेदारच काय? त्या मुरुमाच्या रस्त्याने आपण बाजारास जातो. आपल्या घराच्या जोत्यातही तोच मुरूम भरलेला असतो. ग्रामसभेत मुरुमाचा भाव विचारणारे आम्ही पुष्कळ पाहिले. वरची माती कोठे ठेवणार, असे विचारणारा अद्याप भेटला नाही.