बर्फ पडला, पण किती उंचीवर?

उमरोळी, ता. पालघर
कार्तिक वद्य पक्ष

चि. नातीस अनेक आशीर्वाद.

मनालीहून तू फोन केलास तेव्हा तुझ्या आवाजातली निराशा लपत नव्हती. हिमाचलात बर्फ पडल्याची बातमी मोबाइलवर झळकत होती आणि तुमच्या हॉटेलच्या दारात मात्र पावसाची रिपरिप चालली होती. सकाळी ढग फाटले तर समोरचा डोंगर वरून निम्मा पांढरा आणि खालून हिरवा, मधली रेघ आखल्यासारखी सरळ. "आजोबा, आमच्याच वाट्याला पाऊस का आला?" असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र.

त्या सरळ रेघेतच तुझं उत्तर आहे. ढग एकच होता, वारा एकच होता, रात्रही एकच. वेगळी होती ती फक्त उंची. मनाली समुद्रसपाटीपासून साधारण 2,050 मीटरवर आहे, सोलंग 2,500 च्या आसपास आणि रोहतांग खिंड 3,978 मीटरवर. हिवाळी हंगामाच्या सुरुवातीला पाऊस की बर्फ याचा निकाल या आकड्यांमध्ये लागतो.

उंचावर गार का, इथून सुरुवात करू. सूर्य हवेपेक्षा जमिनीला जास्त तापवतो आणि हवा जमिनीकडून ऊब घेते. ती हवा वर चढली की तिच्यावरचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की ती फुगते आणि फुगताना स्वतःची उष्णता खर्च करते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धर, गार लागेल. तेच डोंगरावर मोठ्या प्रमाणात घडतं. कोरडी हवा दर किलोमीटर चढाईला जवळजवळ 10 अंश निवते. ढगातली ओली हवा इतकी निवत नाही, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि थोडी भरपाई होते. सरासरी धरायची तर किलोमीटरमागे 6.5 अंश.

हा हिशेब आधी आपल्या घरापासून मांडून पाहा. आपली उमरोळी बंदरपट्टीत, समुद्रापासून जवळ आणि त्याच्या पातळीहून जेमतेम काही मीटर वर. जव्हार साधारण 450 मीटरवर, म्हणजे उंचीमुळे पडणारा फरक तीनेक अंशांचा. हिवाळ्याच्या रात्री प्रत्यक्षात तो त्याहून जास्त जाणवतो, कारण आपल्याला समुद्राची ऊब मिळते आणि जव्हारच्या जंगलपट्टीला ती मिळत नाही. आता महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर घे. कळसूबाई 1,646 मीटर. तिथे आपल्यापेक्षा दहा-अकरा अंश कमी. मग तिथे बर्फ का पडत नाही? कारण आपल्याकडे थंडी आणि ढग सहसा एकत्र येत नाहीत. कडाका पडतो तेव्हा आभाळ निरभ्र असतं आणि पाऊस पडतो तेव्हा हवा उबदार असते. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटर उंचीवर असते. त्या पातळीच्या वर डोकं काढणाऱ्या उंच ढगांतले पुष्कळ थेंब हिमकण म्हणूनच जन्माला येतात आणि खाली येता येता वितळतात. आषाढात आपल्या अंगणात पडणाऱ्या पावसातही असं बर्फाचं पाणी असतं. आपल्यापर्यंत पोचायला त्याला फार मोठी उबदार वाट तुडवावी लागते, एवढंच.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात शेतं पांढरी झाली होती, तो बर्फ नव्हता, त्या गारा होत्या. गार उंच गडगडाटी ढगात वर-खाली होत थरावर थर चढून तयार होते आणि जमिनीवर भर उन्हाळ्यातही पोचू शकते. हिमाचा नाजूक कण तसा पोचू शकत नाही. त्याला खालपर्यंत थंड हवाच लागते.

आता तुझ्या मनालीच्या रात्रीचा हिशेब. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी झंझावात येतात. इराण, अफगाणिस्तान ओलांडून ते हिमालयाला धडकतात. तशा रात्री पाऊस पडताना मनालीत 7 अंश होते असं धर. ओल्या हवेसाठी किलोमीटरमागे 6 अंश कमी केले तर शून्याची पातळी 3,200 मीटरच्या आसपास येते. हिमकण शून्याच्या पातळीखाली आला की लगेच वितळत नाही. साधारण दोन-तीनशे मीटर तो तग धरतो. म्हणजे बर्फाची रेघ 2,900 ते 3,000 मीटरवर. मनालीत पाऊस, सोलंगलाही पाऊस, आणि रोहतांगवर उणे चार-पाच अंशांत भुरभुरणारा कोरडा बर्फ. अटल बोगद्याचं दक्षिण तोंड 3,060 मीटरवर आहे, म्हणजे मनालीपासून 25 किलोमीटर अंतरावर आणि हजार मीटर वर. त्या सकाळी तिथवर गेली असतीस तर पायाखाली बर्फ लागला असता. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हा बोगदा खुला झाल्यापासून हंगामाच्या सुरुवातीला पर्यटक बर्फासाठी त्याच वाटेने बोगद्यापलीकडच्या सिस्सूकडे जातात.

ही तफावत हंगामाच्या तोंडालाच एवढी ठळक का दिसते? कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दऱ्या अजून उबदार असतात आणि शून्याची पातळी डोंगराच्या अंगावरच कुठेतरी मध्ये अडकलेली असते. दोनशे मीटर वर-खाली झालं की पावसाचा बर्फ आणि बर्फाचा पाऊस होतो. शिवाय जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, त्यामुळे दरीत चार कण पोचले तरी टेकताक्षणी विरतात. जानेवारीत ती पातळी दरीच्या तळापर्यंत उतरते आणि मनाली, सोलंग दोन्हीकडे बर्फ साचतो. सिमल्याचंही तसंच. शहर 2,200 मीटरच्या आसपास, कुफरी आणि नारकंडा त्याहून काही शे मीटर उंच. सिमल्यात पाऊस आणि कुफरीत बर्फ ही बातमी म्हणूनच दर वर्षी वाचायला मिळते.

उंचीचं आणखी एक काम आहे. डोंगर वाऱ्याला वर ढकलतो आणि वर गेलेली हवा आपलं पाणी तिथेच टाकते. सह्याद्रीत हे तू पाहिलं आहेस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डोंगराच्या पलीकडच्या बाजूला, पायथ्याच्या वाईत हजार मिलिमीटरही भरत नाही. हिमालयात वाऱ्यासमोरच्या उतारांवर हेच घडतं. वरच्या भागाला थंडीही जास्त मिळते आणि पाणीही जास्त.

पण बाळा, उंचीचा नियम पाठ करून थांबू नकोस. तो कुठे वाकतो हेही माहीत हवं. हवा फार कोरडी असेल तर पडणाऱ्या कणाचं थोडं पाणी उडून जातं, त्यात उष्णता खर्च होते आणि आजूबाजूची हवा गार होते. अशा वेळी थर्मामीटर दोन-तीन अंश दाखवत असतानाही बर्फ पडतो. दुसरं म्हणजे बर्फ वितळायलाही उष्णता लागते, एका ग्रॅमला जवळजवळ 80 कॅलरी, आणि ती आजूबाजूच्या हवेतूनच घेतली जाते. अरुंद दरीत हवा मुळातच थोडी. तिथे तास न् तास जोरदार वर्षाव झाला तर ती हवा शून्यापर्यंत निवते आणि बर्फाची रेघ तळापर्यंत उतरते. संध्याकाळी पाऊस होता आणि मध्यरात्री त्याचा बर्फ झाला, हे पहाडी गावांतल्या लोकांना नवं नसतं.

आणि एक प्रसंग असा, की जिथे नियम पार उलटा होतो. तो पाहायला हिमालयात जायची गरज नाही. महाबळेश्वरला डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठतात. गवतावर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. त्याच पहाटे वरच्या बाजारपेठेत तापमान काही अंशांनी जास्त असतं. उंच जागा उबदार आणि सखल जागा गोठलेली! कारण त्या रात्री ढग नसतात आणि वारा पडलेला असतो. जमीन आपली उष्णता मोकळ्या आभाळात सोडून देते, तिच्या अंगालगतची हवा निवते, जड होते, उतारावरून सरकत सखल भागात साचते. निफाडचा गारठाही याच जातीचा. निफाड काही थंड हवेचं ठिकाण नाही, उंची सहाशे मीटरच्या आत. तरी निरभ्र रात्री तिथला पारा महाराष्ट्रातल्या कितीतरी उंच गावांच्या खाली जातो, आणि द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात.

म्हणून मनात असं पक्कं कर: ढगाळ, वादळी रात्री उंचीचं राज्य; निरभ्र, निवांत रात्री खोलगटाचं. बर्फ पडायला ढग लागतात, म्हणून बर्फाच्या बाबतीत डोंगर जिंकतो. दव गोठायला मोकळं आभाळ लागतं, म्हणून तिथे दरी जिंकते.

तुला वाटेल, आजोबांनी फार खोलात नेलं. पण यात माणसांचं पोट गुंतलेलं आहे. 2018 च्या नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात काश्मीरच्या खोऱ्यात बर्फ पडला. पुढच्या वर्षी 7 नोव्हेंबरला पुन्हा जोरदार पडला. सफरचंदाच्या झाडांची पानं अजून गळली नव्हती. शून्याच्या आसपास पडणारा बर्फ ओला आणि जड असतो. तो पानांवर साचला, फांद्या मोडल्या, कितीतरी झाडं बुंध्यापाशी चिरली. तोच बर्फ वर गुलमर्गच्या उतारांवर, 2,650 मीटरच्या पुढे राहिला असता तर लोकांनी आनंदाने फोटो काढले असते. सफरचंदाचं झाड फळावर यायला वर्षं जातात. आपल्या पट्ट्यात वादळाने चिकूचं जुनं झाड उन्मळतं तेव्हा वाडीवाल्याच्या घरात काय होतं हे तू पाहिलं आहेस, म्हणून तुला ते कळेल. 2018 च्या सप्टेंबरअखेर हिमाचलातल्या लाहौलमध्येही अवेळी बर्फ पडला आणि शेकडो प्रवासी अडकून पडले. बर्फ तिथे नवा नव्हता. तो आला तेव्हा रस्त्यावर माणसं होती आणि शेतात पीक होतं.

हिमालयातल्या या बर्फाचा आपल्या भाताशीही एके काळी संबंध जोडला गेला होता. पुण्यात शिवाजीनगरला तू सिमला ऑफिसच्या चौकातून ये-जा करतेस. 1875 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय काही काळ सिमल्याला होतं, 1928 मध्ये ते पुण्यात आलं आणि सिमल्याचं नाव त्या इमारतीला चिकटलं. या खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळानंतर मान्सूनचा अंदाज आधी बांधता येईल का, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. हिमालयात उशिरापर्यंत आणि भरपूर बर्फ राहिला तर पुढचा पाऊस कमजोर पडतो, असं त्यांनी 1884 मध्ये मांडलं आणि हिमालयातल्या बर्फाच्या नोंदींवरून पावसाचे अंदाज बांधायला सुरुवात केली. पुढे हा संबंध त्यांना वाटला तितका सरळ नाही असं दिसून आलं, आणि आजचा अंदाज समुद्राच्या तापमानासह अनेक गोष्टींवरून बांधतात. तरीही मला ती धडपड फार मोलाची वाटते. कोकणातल्या खाचरात पाणी केव्हा येईल हे समजून घ्यायला कुणीतरी हिमालयाच्या उतारांवरचा बर्फ मोजत होतं.

हिमालयाला धडकणारा तो पश्चिमी झंझावात आपल्याला आजही विसरत नाही. तो पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे, थंड वारे मोकळे होतात आणि काही दिवसांत नाशिक, जळगाव, मग आपली जंगलपट्टी गारठते. आपल्या बंदरपट्टीत गोधड्या सगळ्यांत शेवटी निघतात, पण निघतात.

पुढच्या खेपेला निघण्याआधी या गोष्टी पाहा. जिथे जाणार त्या जागेची उंची काय. हवामान खात्याच्या अंदाजात बर्फ किती उंचीच्या भागात सांगितला आहे. मुक्कामाच्या जागेत आणि वरच्या खिंडीत किती मीटरचा फरक आहे. खाली पाऊस असेल तर वर रस्ता गोठलेला असणार हे गृहीत धर, आणि पोलिसांनी गाडी जिथे थांबवली तिथून पुढे जायचा हट्ट ड्रायव्हरकडे करू नकोस. पोटासाठी तो त्या रस्त्यावर रोज असतो.

आणि "बर्फ पडला" अशी बातमी वाचलीस की आधी विचार, किती उंचीवर. मग विचार, त्या उंचीवर काय आहे: ओसाड खिंड, कुणाची सफरचंदाची बाग, की कुणाचं घर. उंची कळली की बर्फ कुणाला सुखाचा आणि कुणाला नुकसानीचा हे तुझं तुलाच कळेल. निसर्ग वाचायला शिकणं याला मी इतकं महत्त्व देतो ते याचसाठी. त्यामुळे दूरच्या माणसाची काळजी आपल्याला कळू लागते. तू शिकते आहेस, त्यात ही सवयही लावून घे.

आजीचा आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझे,
आजोबा