पोट भरले, पण हात थांबत नाही



रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग सुटले की आपण मुलांना खाऊ म्हणून बिस्किटांचे किंवा मसाला वेफर्सचे पाकीट देतो. गेल्या रविवारी एका लहानग्याने तीन पाकिटे संपवून चौथे मागितले. मी विचारले, "पोट नाही का रे भरले?" तो म्हणाला, "फादर, पोट भरले, पण हात थांबत नाही."

हात थांबत नसेल तर दोष कोणाचा?

२०१९ साली अमेरिकेत केविन हॉल या शास्त्रज्ञाने २० प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात बनलेले अतिप्रक्रियायुक्त अन्न दिले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही वेळा वाढलेल्या अन्नात साखर, मीठ, चरबी आणि तंतू जवळजवळ सारखेच होते. हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तरीही कारखान्याचे अन्न खाताना माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त घेतल्या आणि त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. असे अन्न नेहमी खाणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकार अधिक आढळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारसूचनांत ते कमी करण्यास सांगितले आहे. पापड-लोणच्यावरही प्रक्रिया होतेच, पण आपल्या स्वयंपाकघरात कधीच नसलेले कृत्रिम स्वाद आणि रंग त्या पाकिटात असतात.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते, इच्छाशक्तीवर वासनेचा जोर आधीच पडला असेल तर कृतीचा दोष कमी होतो. म्हणजे त्या मुलाचा दोष अगदी थोडा. मग त्याच्या आईचा? पहाटे पनवेल स्टेशन गाठून रात्री विचुंब्याला परतणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. पाच रुपयांत मूल शांत होते आणि तिच्याजवळ वेळ नाही. ज्याच्यापाशी पर्याय कमी, त्याची जबाबदारीही कमी.

पण आपल्यापाशी पर्याय होता. त्या पाकिटांच्या खर्चावर सही माझीच आहे. वर्गात मी मुलांना संयम शिकवतो आणि दारात त्यांच्या हातात संयम मोडणारी वस्तू देतो. ठाऊक नव्हते तोवर ते अज्ञान होते. आता मात्र ती निवड ठरेल.

चहाबरोबर एखादे बिस्कीट खाल्ले म्हणून कोणी कबुलीला यायला नको. संयम म्हणजे उपासमार नव्हे. आतून "पुरे" असा आवाज येतो, तो ऐकू येणे म्हणजे संयम. तो आवाज ज्या अन्नाने दबतो, ते रोजचे झाले की आपले स्वातंत्र्य थोडे थोडे जाते. मुलांचे तर ते कळण्याआधीच जाते.

येत्या रविवारपासून वर्गानंतर केळी आणि गूळ-चणे मिळतील. सकाळी वाटपाला हात लावू शकणाऱ्यांनी मिस्सानंतर मला भेटावे. आणि घरी आठवड्यातून एक संध्याकाळ तरी पाकीट न फोडता, भाकरी-कालवण घेऊन सर्वांनी एकत्र बसावे.

आपला,
फादर