हाडं कुणाची उधारी फेडतात?

माझ्या उशाशी पांढऱ्या गोळ्यांची एक बाटली असते. आई पुण्याहून दर रविवारी फोन करते आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कॅल्शियम घेतलंस का गं?" मी "हो" म्हणते. तिचा आवाज लगेच सैल होतो. त्या गोळीनं माझ्या हाडांना काय दिलं ते कुणाला दिसत नाही, पण आईला आठवडाभराची झोप दिली एवढं नक्की.

मी 31 वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी एक ताप आला, गेला, आणि मी मात्र पुन्हा पहिल्यासारखी उठलेच नाही. बऱ्याच फेऱ्यांनंतर आजाराला नाव मिळालं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. नावात थकवा असल्यामुळे ऐकणारा म्हणतो, "अगं, हल्ली सगळेच थकतात." पण या आजाराची खूण नुसता थकवा ही नाही. शरीराला झेपेल त्यापेक्षा थोडं जास्त केलं की ते नंतर कोसळतं, ही खूण. मी आज केस धुतले तर त्याची किंमत उद्या-परवा कळते. अंथरुणातून मानही उचलवत नाही.

पुण्यातल्या घराचे तीन जिने आणि रस्त्याचा आवाज सोसेना, म्हणून आत्या मला घेऊन लवासाला राहायला आली. शनिवार-रविवारी लोक तळ्याकाठच्या रंगीत इमारतींसमोर फोटो काढतात. सोमवारी सगळं गाव ओस पडतं. माझ्यासारखीला ते बरं पडतं. तुमच्या रीलमध्ये मागे दिसणाऱ्या एखाद्या बंद खिडकीआड मी पडलेली असू शकते.

मागच्या पावसाळ्यात पलंगावरून उतरताना तोल गेला. हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको होतं, म्हणून डॉक्टरांनी हाडांची घनता मोजायला लावली. ती कमी निघाली. मी गोंधळले. म्हटलं, "डॉक्टर, रक्तातलं कॅल्शियम तर नॉर्मल आहे."

ते म्हणाले, "ते असणारच. तेच तर हाडांचं काम आहे."

शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या 1 टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, नसांचे निरोप चालतात. रक्तातली ती पातळी ढळून चालत नाही. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. पातळी उतरायला लागली की त्या हाडांना हुकूम सोडतात, द्या. हाडं देतात. रिपोर्ट नॉर्मल येतो.

हे ऐकल्यापासून मला खिडकीतलं पाणी वेगळं दिसतं. लवासा मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाच्या फुगवट्याकाठी आहे. हे पाणी पुढे पुण्याला जातं. नळ सोडणाऱ्याला पाणी दिसतं, त्यासाठी बुडालेली गावं दिसत नाहीत. याच मुळशी तालुक्यात 1921 साली सेनापती बापटांबरोबर शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले, कारण मुंबईच्या विजेसाठी त्यांची जमीन पाण्याखाली जाणार होती. कुठेतरी सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा दुसरीकडे कुणीतरी गुपचूप देत असतं. माझ्या शरीरात ते हाडं करत होती.

मग गोळी घेतली की हिशेब मिटला? गोळीचं काम खरं आहे, पण मर्यादित. आपल्याकडच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते जेवणातून येत नसेल तर गोळी ती तूट भरते. पण जास्त म्हणजे चांगलं, असं नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या 36 हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 साली आले. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी खुब्याच्या हाडाची घनता किंचित सुधारली, पण खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं नाही, आणि मुतखडे मात्र वाढले. त्या स्त्रिया माझ्यासारख्या आजारी नव्हत्या, म्हणून तो निकाल जसाच्या तसा मला लागू होत नाही. तरी त्यातून एक कळतं. गोळी म्हणजे वीट. विटांचा ढीग आणून टाकला म्हणून भिंत उभी राहत नाही.

कॅल्शियम आतड्यातून शोषलं जायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते मुख्यतः उन्हातून मिळतं. मुळशीचा पावसाळा म्हणजे महिनोन् महिने ढग. उरलेलं वर्ष मी बंद काचेमागे ऊन घेत होते. ऊब लागायची, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेतून आत येतच नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. शिवाय हाडांना भार लागतो. अंतराळवीर धडधाकट असतात, त्यांचं खाणंपिणं मोजून दिलेलं असतं. तरीही वजन पेलायचं काम थांबलं की त्यांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला 1 टक्क्याच्या आसपास घटू शकते.

माझा पेच इथे आहे. हाडांना भार हवा आणि माझा आजार भाराला शिक्षा देतो. पडून राहिले तर साठीतली मी मोडेन. "मन घट्ट कर, रोज थोडं वाढवत चाल" हा सल्ला ऐकला तर आजची मी मोडते. तो सल्ला वर्षानुवर्षं उपचार म्हणून दिला जायचा. 2021 साली ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांमधून ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा तो उपचार वगळला. पण त्याच सूचनांमध्ये हाडांची काळजी घ्या, घरात अडकलेल्या रुग्णांच्या ड जीवनसत्त्वाकडे लक्ष ठेवा, असंही आहे.

आज कष्ट कर, उद्या फळ मिळेल, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात एक गोष्ट गृहीत असते, आज हातात काहीतरी शिल्लक आहे ही. ज्याच्याकडे शिल्लकच नाही त्यानं उद्यासाठी काय ठेवायचं? साठीतल्या माझा माझ्यावर हक्क आहे हे मी मानते. तिला काठीशिवाय उभं राहता यावं असं मलाही वाटतं. पण हे देणं माझ्या एकटीच्या खात्यातून फिटणारं नाही. ज्याचं कर्तव्य त्याला पेलत नाही, त्याचं ते कर्तव्य संपत नाही, ते भोवतालच्या माणसांत वाटलं जातं. आजारी माणसाची काळजी घेणं म्हणजे हे वाटून घेणं, असं मला आता वाटतं.

आत्यानं हे कुठलंही तत्त्वज्ञान न सांगता केलं. पाऊस सरल्यावर तिनं एक खाट गॅलरीत ओढली, काचेच्या बाहेर. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी नाचणीची भाकरी करायला लागल्या. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मावशींना आकडा माहीत नाही. त्या म्हणतात, "आमच्या आजीनं हेच खाल्लं, ताई." दिवस बरा असेल तेव्हा मी ओट्याला धरून दोन मिनिटं उभी राहते. आत्या शेजारी स्टूल घेऊन थांबते. तिचं लक्ष घड्याळाकडे नसतं, माझ्या चेहऱ्याकडे असतं. मी अजून उभी राहीन म्हणायच्या आत ती म्हणते, "बस आता."

आईचा प्रश्न खोटा नाही. पण "घेतलंस का?" या प्रश्नात सगळं काम माझ्याकडेच राहतं, आणि गोळीच्या आडून आम्ही दोघी एकमेकींना नॉर्मल रिपोर्ट देत राहतो. तिला काळजी वाटू नये म्हणून मी "हो, बरी आहे" म्हणते आणि फोन ठेवल्यावर दोन तास डोळे मिटून पडते. तेही हाडातून काढून देणंच झालं.

गोळी मी बंद केलेली नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा जेवणाबरोबर घेते. पण गेल्या रविवारी आईनं विचारलं तेव्हा मी नेहमीचं उत्तर दिलं नाही.

"घेतली. पण आई, पुढच्या रविवारी फोन नको करूस. ये. आत्याला जरा झोपू दे, आणि स्टूल तू धर."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "बघते गाडीचं. येताना नाचणी आणू का?"