जमावाला घरी पाठवणाऱ्यांसाठी प्रार्थना

हे प्रभू येशू,

तुझा सेवक मार्टिन ल्युथर किंग याच्यासाठी मी तुझे उपकार मानते. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात, डेक्स्टर अव्हेन्यूवरच्या बाप्टिस्ट मंडळीचा तो पाळक. बापही पाळक, आजोबाही पाळक. १९६३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला लाखोंच्या गर्दीसमोर तो बोलला, ते भाषण जग अजून ऐकतं. पुढच्या वर्षी त्याला नोबेल मिळालं. त्याबद्दल तुझी स्तुती असो. पण इथे भिवंडीत मी तुझ्याशी त्याच्याबद्दल बोलायला बसते, तेव्हा हा मोठा झालेला किंग माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. येतो तो सत्तावीस वर्षांचा, भेदरलेला.

तुला ती रात्र ठाऊक आहे. १९५६ चा जानेवारी. रोझा पार्क्सने बसमधली आपली जागा गोऱ्या माणसासाठी सोडली नाही म्हणून तिला अटक झाली होती, आणि काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला होता. धुणीभांडी करणाऱ्या बायका मैलोन्मैल पायी कामाला जात होत्या. पुढारपण ह्या तरुण पाळकाच्या गळ्यात पडलेलं. घरी धमक्यांचे फोन रोजचेच. त्या शुक्रवारी मध्यरात्रीच्या सुमाराला आणखी एक आला: तीन दिवसांत गाव सोड, नाहीतर तुझं घर उडवू. बायको कोरेटा झोपली होती. लेक योलांडा दोन-अडीच महिन्यांची. तो स्वयंपाकघरात गेला, कॉफी केली, आणि भरलेला कप समोर तसाच ठेवून बसून राहिला. लोकांनी भित्रा म्हणू नये, पण ह्यातून अंग काढून घेता यावं, अशी वाट तो शोधत होता. मग डोकं हातांत धरून त्याने तुला मोठ्याने सांगितलं की मी भ्यालोय, माझ्यातलं बळ सरलं, आणि मीच खचलो तर माझी माणसंही खचतील. प्रभू, त्याच्या सगळ्या शब्दांत हेच मला सर्वांत जवळचे वाटतात. तू त्याला उत्तर दिलंस. तो उठला तेव्हा धमकी तिथेच होती, पण तिला तोंड द्यायला तो तयार होता.

तीन दिवसांनी बाँब खरोखरच फुटला. किंग सभेत होता. धावत घरी आला तर ओसरी फुटलेली, खिडकीच्या काचांचा चुरा. बायको आणि लेकरू सुखरूप, ही तुझीच कृपा. बाहेर काळ्या लोकांचा जमाव उसळलेला. कुणाकडे पिस्तूल, कुणाकडे चाकू, कुणाकडे फुटकी बाटली. नगराचा महापौर आणि पोलीस आयुक्त, दोघेही गोरे, त्या जमावात अडकलेले. एक शब्द वाकडा पडला असता तर रस्त्यावर मुडदे पडले असते. किंग त्या मोडक्या ओसरीवर उभा राहिला, हात वर केला, आणि म्हणाला की हत्यारं आणली असतील तर घरी नेऊन ठेवा, आपल्याला वैऱ्यावरही प्रेम करायचं आहे. लोक घरी गेले.

हे त्याला सोपं गेलं असेल असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत त्याच्या घरात बंदूक होती. नंतर त्याने ती काढून टाकली. गेथशेमानेच्या बागेत तू पेत्राला तलवार म्यानात घालायला लावलीस. ह्यालाही तूच शिकवलंस, पण एका रात्रीत नाही.

आणि तो बाँब फुटला ती तारीख पाहा, प्रभू. ३० जानेवारी. आठ वर्षांपूर्वी त्याच तारखेला दिल्लीत गांधीजींना आमच्याच मुलखातल्या माणसाने गोळ्या घातल्या होत्या. त्यानंतर महाराष्ट्रात जमाव निघाले. मारणारा ज्या जातीचा, त्या जातीच्या माणसांची घरं पेटली. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांची. अहिंसेच्या माणसासाठी हिंसा! त्या दिवसांत किती वाड्यांपुढे कुणी हात वर करायला उभंच राहिलं नाही, त्याची क्षमा कर.

१९५९ मध्ये किंग आणि कोरेटा भारतात आले. मुंबईच्या फुटपाथांवर निजलेली माणसं पाहून त्याचं काळीज हललं. गावदेवीत मणिभवनात, गांधीजींच्या मुक्कामाच्या घरात, त्याने रात्र काढली. तिथून भिवंडी किती जवळ! तो इथे आला नाही. त्याच्या त्या भेटीनंतर अकरा वर्षांनी इथे शिवजयंतीच्या मिरवणुकीत जी दंगल पेटली, ती जळगावपर्यंत पोचली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच. माग जळाले, झोपड्या जळाल्या, माणसं जळाली. मागाच्या बीमवर चढवलेलं सूत हिंदूचं की मुसलमानाचं, हे आगीला कुठे कळतं?

तरीही तू ह्या गावाला टाकलं नाहीस, म्हणून तुझे उपकार मानते. सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त झाले तेव्हा त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना मान देऊन बोलावण्यापेक्षा त्यांनी मागवाल्याला, रिक्षावाल्याला, हातगाडीवाल्याला, गल्लीतल्या बायकांना समोरासमोर बसवलं. पोलीसही त्यांच्यातच बसला. गटारावरून भांडण, नळावरून भांडण, पोरांची मारामारी, सगळं तिथेच मिटवायचं. मग १९९२ च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. किंगला आपण निदान नावाने ओळखतो. त्या रात्री नाक्यानाक्यावर उभं राहून पोरांना घरी पिटाळणाऱ्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. तुझ्याजवळ असतील. त्यांना आशीर्वाद दे. जे वारले त्यांच्या लेकरांना दे.

पुढे २००६ च्या जुलैत इथे पुन्हा रक्त सांडलं. वर्दीतली माणसं गेली, बिनवर्दीची गेली. म्हणजे हे काम एकदा केलं आणि संपलं, असं नसतं. मोहल्ल्यातली बैठक बंद पडली की अफवा तिथे येऊन बसते. आता तर ती प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर येते, रात्री दोन वाजता. ती पुढे ढकलण्याआधी बोट थांबू दे.

किंगचं शेवटचं काम मेम्फिसमधल्या कचरा उचलणाऱ्या कामगारांसाठी होतं. त्यांचे दोन साथीदार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते. त्यांच्या संपासाठी तो तिथे गेला, आणि ४ एप्रिल १९६८ ला तिथेच गोळी खाऊन पडला. वय अवघं एकोणचाळीस. म्हणून आमच्या गटारात उतरणाऱ्यांचं रक्षण कर. डाइंगमध्ये रसायनाच्या वाफेत, आणि बारा-बारा तास मागावर उभ्या असलेल्यांचंही. त्यांच्या मजुरीचा प्रश्न कुणी विचारला की कुणीतरी त्यांचा धर्म काढतो. त्या काढणाऱ्याच्या नादी आम्हाला लागू देऊ नकोस.

आमच्या पाळकांना व्यासपीठावरून खाली उतरण्याचं धैर्य दे. मौलानांना दे, कीर्तनकारांना दे, पोलीस ठाण्यातल्या नव्या अधिकाऱ्याला दे. भीती वाटेल तेव्हा ती तुला सांगण्याचा खरेपणा दे.

आणि माझ्यासाठी मागायचं ते हे. इथल्या वंजारपट्टी नाक्यावर जमाव जमला, आणि त्यात माझाच मुलगा दगड घेऊन उभा असला, तर त्याच्या जातीतले, धर्मातले, मित्रमंडळातले सगळे बघत असताना त्याचा दंड धरून त्याला घरी आणण्याची ताकद माझ्या हातात दे.

आमेन.