तक्रार कुणाची करायची?

साथरोग कायदा 1897 चा, प्लेगच्या काळातला. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोल्जर रुग्ण शोधायला घराघरांत शिरले. रँडला गोळ्या घालणारे चापेकर बंधू आपल्या चिंचवडचे. त्यांची माहिती पोलिसांना देणाऱ्या द्रविड बंधूंचाही 1899 मध्ये खून झाला. साथीच्या दिवसांत सरकारला खबर देणं म्हणजे काय, हे या गावाने फार जवळून पाहिलं आहे.

तोच कायदा मार्च 2020 मध्ये पुन्हा लागू झाला आणि आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा होता. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडू लागले: कोण गच्चीवर फिरतंय, कुणाच्या दुकानाचं शटर अर्धं वर आहे. हा कायदा मोडला की लागायचं ते तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 188. त्याची शिक्षा वरवर किरकोळ होती, साधारणपणे महिनाभरापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जिवाला धोका असला तर सहा महिन्यांपर्यंत किंवा हजारापर्यंत. पण चाकणच्या कारखान्यांत नोकरी शोधणाऱ्या पोराला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. त्याच्यासाठी गुन्हा म्हणजे दोनशे रुपयांची गोष्ट नव्हे. हे गुन्हे मागे घ्यायचं सरकारने ठरवलं ते 2022 मध्ये.

मला खुपतं ते वेगळंच. बहुतेक तक्रारी खालच्या दिशेने गेल्या. चाकणजवळच्या कुरुळी-निघोजेच्या दहा बाय दहाच्या रूममध्ये पाळीपाळीने झोपणारी पोरं उंबऱ्यावर येऊन बसली, तर तो नियमभंग दिसायचा. त्यांनी आत तरी कसं बसावं? जुलै 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पिंपरी-चिंचवड शहर आणि आसपासची गावं बंद होती, कारखाने मात्र अटी घालून चालू होते. त्या अटी पाळल्या जातात की नाही, कंपनीच्या बसमध्ये किती माणसं कोंबली, अंगात ताप असताना कुणाला शिफ्टवर बोलावलं, हे गेटच्या आतल्यालाच ठाऊक. आणि त्यातला कंत्राटी कामगार तोंड उघडू शकत नाही. ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटलं की विषय संपला.

म्हणून माझ्या लेखी नियम मोडला एवढ्यावर तक्रार होऊ नये. ज्याला नकार देता येत नाही अशा माणसाचा जीव कुणी धोक्यात घालतंय का, ते बघावं. शेजाऱ्याचं दार आधी आपण वाजवावं. ऐकलं नाही आणि घरात माणसांची गर्दी जमतच राहिली, तर फोन जरूर करावा. त्यात चुगली नाही. रूमवरच्या पोरांना शिधा लागतो, पोलीस नव्हे. पण आजारी कामगाराला मशीनवर उभं करणाऱ्या कारखान्याची तक्रार त्याच दिवशी झाली पाहिजे, आणि ती कायम कामगारांनी, त्यांच्या युनियनने करावी. त्यांची नोकरी एका फोनने जात नाही.

पुढची साथ येण्याआधी युनियन आणि महापालिकेने एवढं करावं: कंत्राटी कामगाराचं नाव न विचारता त्याची तक्रार लिहून घेणारी खिडकी उघडावी.