आधी बर्फ खरवडायचा

बर्फावरची हॉकी आपल्याकडे फारशी पाहिली जात नाही. कधी पाहायला मिळाली, तर खेळ सुरू होण्याआधीची दोन मिनिटं चुकवू नयेत. गोलरक्षक गोलसमोरच्या आपल्या जागेत येतो आणि स्केट्सच्या पात्यांनी बर्फ खरवडायला लागतो. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मशीनने नुकतंच पाणी फिरवून बर्फ आरशासारखा गुळगुळीत केलेला असतो. बाकीच्यांना तो तसाच हवा असतो, कारण त्यांना वेगाने सरकत जायचं असतं. गोलरक्षकाला सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोलसमोर पाय रोवून उभं राहायचं असतं. त्याचा पाय निसटला की संपलं. म्हणून तो आधी आपल्यापुरती जागा खरखरीत करून घेतो. वीस मिनिटांचं सत्र संपतं, मशीन पुन्हा फिरतं, त्याची सगळी मेहनत पुसली जाते. पुढच्या सत्राला तो परत पहिल्यापासून सुरू करतो. सामन्यात सत्रं तीन. संघ पुढे असो की मागे, हे काम चुकत नाही. तेव्हा प्रेक्षक आपापल्या खुर्च्या शोधत असतात, त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं. मला या खेळातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

कॅनडातल्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघासाठी कॅरी प्राइस हे काम पंधरा हंगाम करत होता. तो ब्रिटिश कोलंबियातल्या अनाहिम लेक नावाच्या छोट्याशा वस्तीत वाढला. संघातून खेळायचं तर विल्यम्स लेकला जावं लागे, आणि ते गाव तीनशे किलोमीटरहून लांब. वडील स्वतः गोलरक्षक होते. ते लेकराला छोट्या विमानात बसवून सरावाला घेऊन जात. पुढे त्या मुलाने २०१४ मध्ये सोचीला कॅनडासाठी ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. २०१५ मध्ये अख्ख्या साखळीतला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याला हार्ट करंडक मिळाला. गोलरक्षकाच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. मॉन्ट्रियलसाठी त्याच्याइतके सामने कोणत्याही गोलरक्षकाने जिंकलेले नाहीत. २०२१ मध्ये संघ स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि जुलैत टॅम्पा बेकडून हरला. त्याच महिन्यात प्राइसच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. या खेळात गोलरक्षक एका संध्याकाळी कितीतरी वेळा दोन्ही गुडघ्यांवर बसतो आणि उठतो. त्यामुळे दुखणं नेमकं नको तिथे आलं होतं. ऑक्टोबरमध्ये तो व्यसनावरच्या उपचारांसाठीही गेला आणि पुढच्या महिन्यात त्याने ते स्वतः सर्वांना सांगितलं. एवढ्या मोठ्या खेळाडूने मदत मागावी आणि ती मागितल्याचं सांगावं, याला मी धैर्यच म्हणेन. इकडे संघ हरत होता. हंगामाच्या मध्येच प्रशिक्षक बदलला. ८२ सामन्यांपैकी जेमतेम २२ जिंकून मॉन्ट्रियल ३२ संघांत शेवटचा आला.

प्राइस परतला तो १५ एप्रिल २०२२ ला. वय ३४. संघ स्पर्धेतून केव्हाच बाहेर पडलेला, हंगामाचे दोनच आठवडे उरलेले, गुडघा अजून पूर्ण साथ देत नव्हता. घरी राहिला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. घरातलं कुणी मोठ्या आजारपणातून उठून कामावर निघालं की आपणही म्हणतो, अजून चार दिवस थांब. शरीरासाठी थांबावंच, डॉक्टर सांगतील तेवढं थांबावं. पण कधी कधी पाय वेगळ्याच कारणाने अडतो. ऑफिसात सगळं विस्कटलेलं असतं. चांगली माणसं सोडून गेलेली असतात, वर्षाचं उद्दिष्ट हातचं गेलेलं असतं. आता मी एकटीने जाऊन काय होणार, हा प्रश्न उंबरठ्यावरच अडवतो. म्हणजे बसमध्ये चढण्याआधीच आपण सगळ्या ऑफिसचं ओझं खांद्यावर घेतलेलं असतं. गोलरक्षकाला असं ओझं घेऊन उभंच राहता येत नाही. गोल करणं त्याचं काम नाही. समोरच्याने केलेला गोल त्याला फेडता येत नाही, तो सोबत्यांनीच फेडायचा. त्याच्या मागचा लाल दिवा लागतो, सगळं मैदान ते पाहतं. गोलच्या जाळीवर पाण्याची बाटली ठेवलेली असते, तिच्यातला घोट तो घेतो आणि परत जागेवर उभा राहतो. त्याच्या हातात येणारा पुढचा पक असतो, म्हणजे रबराची ती जाड चकती. तो अडवायचा. आज तुम्हीही कुठे परत जात असाल, रजेनंतर, दुखण्यानंतर किंवा नुसत्या एका वाईट आठवड्यानंतर, तर पोहोचल्यावर पहिली दोन मिनिटं आपल्या जागेला द्या. टेबल पुसा. अर्धवट राहिलेला एक कागद वर काढून ठेवा. शेजारच्या माणसाला चहाचं विचारा. साठलेल्या सगळ्या कामाचा हिशेब दुपारी मांडला तरी चालतो. पाय आधी रोवले जाऊ देत.

१५ एप्रिलच्या त्या संध्याकाळी बेल सेंटर या मॉन्ट्रियलच्या घरच्या मैदानातले लोक उभे राहून कॅरी, कॅरी म्हणून ओरडत होते. सामना मॉन्ट्रियलने ३-० असा गमावला. त्यानंतर प्राइस खेळला ते पुढचे तीनही सामने संघाने गमावले. लोकांचं प्रेम खरं होतं आणि हारही खरी होती. एका माणसाच्या येण्याने हंगाम सुधारला नाही, गोलसमोरची जागा मात्र पुन्हा त्याने सांभाळली. २९ एप्रिलला हंगामाचा शेवटचा सामना होता, फ्लोरिडा पँथर्सशी. त्या वर्षी साखळीत सगळ्यात जास्त गुण फ्लोरिडाचेच होते. मॉन्ट्रियलने तो १०-२ असा जिंकला. त्या विजयानेही संघ तळातून वर आला नाही. गुडघ्याने पुढे साथ दिली नाही, आणि प्राइस त्यानंतर एकही सामना खेळू शकला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये त्याला बिल मास्टरटन करंडक मिळाला. चिकाटी, खिलाडूवृत्ती आणि खेळावरची निष्ठा यांसाठी तो दिला जातो. अनेकांना परतल्यानंतरच्या त्याच्या पाच सामन्यांतला शेवटचा, दहा गोलांचा सामना आठवतो, आणि ते साहजिक आहे. मला विचाराल तर हा करंडक त्याने आधीच्या चार सामन्यांत मिळवला.