आरोपीची बाजू कोणी मांडावी?

घरातील एखाद्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला की कुटुंब आधी ओळखीच्या पुढाऱ्याकडे धावते, आणि पुष्कळदा आम्हां धर्मगुरूंकडे येते. वकील आठवतो तो त्यानंतर. आणि त्याच्यासोबत एक टोचणीही येते. मुलगा खरोखरच दोषी असेल, तर त्याला वकील देणे म्हणजे असत्याची पाठराखण नव्हे काय?

आम्हांस तसे वाटत नाही. दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नाची कथा आपण जाणतोच. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांची साक्ष लोकांनी खरी मानली होती. दानिएलने दोघांना वेगळे केले आणि कोणत्या झाडाखाली, एवढेच विचारले. उत्तरे जुळली नाहीत. निरपराध स्त्री वाचली. उलटतपासणी ही सत्याची परीक्षा आहे, त्याचा विपर्यास नव्हे.

महाराष्ट्रातील २००३ सालच्या एका हत्याकांडात भटक्या जमातींतील सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निश्चित केली. वास्तविक प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. अखेर मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरविले. त्यांची वर्षे गेली. आणि ज्यांची माणसे मारली गेली, त्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही. आरोपीची बाजू नीट ऐकली न जाणे हा पीडितावरही अन्यायच असतो.

म्हणून वकील निवडणे हे विवेकाचे काम आहे. तो सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवितो काय, स्वतः उभा राहणार काय, फीची पावती देणार काय, हे आधी विचारावे. वकीलपत्र वाचूनच सही करावी. सुटकेची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. निकालावर फी ठरविणे वकिलांच्या नियमांतच निषिद्ध आहे. मात्र आपल्या वकिलापासून सत्य लपवू नये. अशिलाने विश्वासाने सांगितलेले गुपित राखणे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे.

पैसा नाही म्हणून हातपाय गाळू नयेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. अटक झालेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. तेथेच वकील मागता येतो.

दोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे. शेजारच्या घरावर असा प्रसंग आला असता दार लावून न घेता त्यांच्यासोबत कचेरीची पायरी चढणे, हे मात्र आपलेच काम आहे.